आजी आणि फॉल्स सीलिंग

आमचं घर पोफळीला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. गेल्या गणपतीत मी (सिव्हिलचा दिवटा!) जाहीर केलं, माजघराला पीओपीचं फॉल्स सीलिंग करू, आत एलईडी. ताई खूश; लग्नाचे फोटो झकास येतील! आजी एवढंच म्हणाली, "माझे वासे झाकू नको रे."

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती नवी नवरी होती. कौलं खडाखडा खाली आली. पुढे कित्येक रात्री सगळे अंगणात झोपले. अजूनही ती निजण्याआधी वाशांकडे एकदा बघून घेते. भूकंपाचा अख्खा पेपर दिलेला मी गप्प बसलो.

फोटो आता ओटीवर काढणार. जमिनीला मात्र टाइल्स येणार. तिथे आजी हरली, सारवायला शेण आणायचं कुठून? गुरं तर कधीच विकली.