वाळूचे डोंगर, गोडं पाणी

आम्ही इंदूरची माणसं; समुद्र पाहायचा तर रात्रभराचा प्रवास. म्हणून शिकागोला भावाकडे गेल्यावर मिशिगन सरोवराकाठचं ‘इंडियाना ड्यून्स’ राष्ट्रीय उद्यान आईला दाखवायचंच, असं ठरवलं. तिथे वाऱ्याने रचलेले वाळूचे डोंगर आहेत.

अडचण एकच. मुलांना डोंगर चढायचे होते आणि आईचे गुडघे दुखरे. मग दिवसाची आखणी आईपासूनच सुरू केली.

वाळू तापण्याआधी, सकाळीच मुलं शेजारच्या राज्य उद्यानातल्या तीन टेकड्या चढली. या उद्यानाचं तिकीट वेगळं. वाट अडीच किलोमीटरही नाही, पण एकूण चढण ५५२ फूट, आणि वाळूत पाऊल मागे घसरतं. तोवर आई खाली सावलीत. वाट सोडायची नाही, हे मुलांना आधीच बजावलं होतं: मारम गवताची मुळं वाळू धरून ठेवतात, गवत तुडवलं की वाळू वाऱ्यावर उडू लागते.

दुपारी झाडाखाली दशम्या, बटाट्याची भाजी आणि आराम. जूनमध्ये तिथे रात्री आठनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नव्हती.

ऊन उतरल्यावर पाण्याकडे. सरोवर म्हणून गाफील राहू नका. वारा असला की लाटा माणसाला आत ओढतात आणि सगळीकडे जीवरक्षक नसतात. त्या दिवशी पाणी शांत होतं. घोटाभर पाण्यात उभी राहून आईने बोट ओठाला लावलं. म्हणाली, “अगं, खारट नाही!”