निसटलेली चप्पल

वाईच्या गणपती घाटावर जाऊन कृष्णेचे दर्शन घ्यायचे आणि उन्हे वर येण्यापूर्वी घरी परतायचे, हा माझा परिपाठ सेवानिवृत्तीनंतर अकरा वर्षे अव्याहत चालू होता. आणि आपल्या देहात काही विपरीत घडत आहे याची पहिली वर्दी मला जर कोणी दिली असेल, तर ती घाटावर खेळणाऱ्या एका सात-आठ वर्षांच्या मुलाने. मी पायऱ्या चढून वर आलो होतो. मागून तो धावत आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमची एक चप्पल खालीच राहिली की!" मी पायांकडे पाहिले. डावा पाय अनवाणी होता. मार्गशीर्षातली सकाळ, दगड ओला आणि गार; त्या गार दगडावर उघडे पाऊल टेकवीत मी पाच-सहा पायऱ्या चढून आलो होतो, आणि त्या पावलाने मला काहीच कळवले नव्हते.

कोषागारात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला बारीकसारीक नोंदींची किंमत कळायला हवी; परंतु त्याआधीच्या वर्षभरात देहाने केलेल्या सगळ्या नोंदी मी वार्धक्याच्या खाती टाकून मोकळा झालो होतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पावलांना मुंग्या येत. जिना चढताना धाप लागे. जीभ काटे गेल्यासारखी गुळगुळीत आणि लालभडक झाली होती, आणि नेहमीची आमटीही तिला झोंबे. सर्वांत चमत्कारिक प्रकार मोरीत घडे: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जाई आणि चाचपडत भिंतीचा आधार घ्यावा लागे. सूनबाईंनी ते एकदा पाहिले आणि मुलाच्या कानांवर घातले; मी मात्र "वय झालं आता" एवढे बोलून विषय मिटवला होता.

चपलेच्या प्रसंगानंतर मुलाने मला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे रक्त तपासले, हिमोग्लोबिन ९.६ भरले, आणि लोहाच्या व फोलिक आम्लाच्या गोळ्या तीन महिन्यांसाठी लिहून मिळाल्या. तीन महिन्यांनी तोच आकडा १२.४ झाला. धाप थांबली, चेहऱ्यावर रंग आला, आणि "आता काळजी नको" असा निर्वाळाही मिळाला. परंतु पाय? ते दिवसेंदिवस परके होत चालले होते. जमिनीवर पाऊल टाकले की जाड गादीवरून चालल्याचा भास होई. अंधारात देवघरापर्यंत जाणेही धोक्याचे वाटू लागले. रक्त सुधारत असताना पाय का बिघडावेत, हा प्रश्न त्या दवाखान्यात मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा वयाचेच उत्तर घेऊन परतलो. त्या उत्तराने माझे चार महिने गेले. त्याचा विषाद मला आजही आहे, आणि तो मी लपवीत नाही.

अखेर पुण्याला मज्जातंतूंच्या विकारांच्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी एक लहानसा पोलादी चिमटा हातावर आपटून कंप पावता केला आणि त्याचा दांडा माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. भुंगा गुणगुणावा तशी थरथर हाडातून कोपरापर्यंत गेली. मग तो त्यांनी घोट्यावर ठेवला आणि विचारले, "काका, चालू आहे की थांबला?" मी म्हणालो, "थांबला." काही न बोलता त्यांनी तोच चिमटा उचलून माझ्या गळ्याखालच्या हाडावर ठेवला, आणि तो तसाच गुणगुणत होता! नंतर दोन्ही पाय जुळवून उभे राहायला आणि डोळे मिटायला सांगितले. मी डोळे मिटले आणि झाड कलावे तसा कललो. त्यांचा हात माझ्या पाठीशी आधीच तयार होता.

"दूध घेता का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यातच दूध पचत नाही म्हणून मी ते वीस वर्षांपूर्वी सोडलेले, चहात पडेल तेवढे आणि कधीमधी पातळ ताक, एवढाच दुग्धजन्य आहार. शिवाय आम्लपित्तासाठी नऊ वर्षे रोज सकाळी एक गोळी चालू. हा सगळा तपशील ऐकताच त्यांनी रक्तातील जीवनसत्त्व ब-१२ मोजायला सांगितले. ते निदान दोनशेच्या वर असावयाचे. माझे ९६ निघाले.

त्या दिवशी बाईंनी जे समजावून सांगितले आणि पुढे ग्रंथालयात बसून मी जे वाचले, त्याने माझी आहाराविषयीची कल्पनाच पालटली. या द्रव्याची माणसाला रोजची गरज सुमारे दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे चार लाख भाग केले तर त्यांतला जेमतेम एक भाग. पण ते कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही. ते घडवतात केवळ सूक्ष्म जिवाणू, आणि आपल्यापर्यंत ते पोचते मांस, मासे, अंडी किंवा दूध यांच्या मार्गाने. पोटातील आम्ल त्याला अन्नापासून सोडवते; जठराच्या अस्तरातून पाझरणारे एक प्रथिन त्याला आपल्या संगतीने लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेते, आणि तेथेच ते रक्तात घेतले जाते. यकृतात त्याचा साठा इतका असतो की आवक बंद झाली तरी तो वर्षानुवर्षे पुरतो. म्हणून तर ही तूट कळते ती शिल्लक जवळजवळ संपल्यावर. दूध सोडून मी आवक तोडली होती, आणि आम्ल दडपणाऱ्या गोळीने उरलीसुरली वाटही अडवली होती. मज्जातंतूंवर जे मेदाचे आवरण असते ते या जीवनसत्त्वावाचून टिकत नाही. पाठीच्या कण्यातून पावलांची खबर मेंदूला पोचवणारे धागे त्यामुळे निकामी होऊ लागतात, आणि मग पाय कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहावे तेव्हाच कळते. मोरीत डोळे मिटताच माझा तोल का जाई, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

आणि त्या गोळ्यांचे काय? फोलिक आम्लाची कथा तर थेट आपल्या मुंबईशी निगडित आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज वैद्या १९२८ साली मुंबईस आली आणि गिरणकामगार गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा माग तिने आरंभला. निकृष्ट आहारात रोगाचे मूळ असावे हे ताडून तिने अनेक पदार्थ वापरून पाहिले, आणि यीस्टपासून बनणाऱ्या 'मार्माइट' या स्वस्त अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात हे १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिनमधील 'पान' या शब्दावरून त्याला नाव मिळाले. रक्तपेशी घडण्यासाठी ब-१२ आणि फोलिक आम्ल ही दोन्ही लागतात. परंतु ब-१२ ची तूट असताना नुसते फोलिक आम्ल भरपूर दिले, तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी मात्र पडद्याआड चालूच राहते. हे वैद्यकाला १९४० च्या दशकातच उमगले होते. इतक्या जुन्या ज्ञानाचा लाभ मला पहिल्याच दवाखान्यात मिळू नये, याचे मला राहून राहून दुःख होते.

ब-१२ च्या सुईची पहिली कुपी मी उजेडात धरून पाहिली. आतले पाणी आमसुलाच्या सरबतासारखे लालचुटुक! तो रंग त्या द्रव्याचा स्वतःचाच; त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी त्याचे लाल स्फटिक हाती आले आणि डोरोथी हॉजकिन या विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत त्याची रचना उलगडली. त्याआधी, १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या वैद्यांनी असल्या रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खाऊ घालून जगवले होते. ते वाचताना मला माझी आत्या आठवली. तिचीही जीभ अशीच सोललेली असे, तीही पाय आपटत चालायची; वैद्यांनी यकृताच्या अर्काची सुई सुचवली तेव्हा तिने सोवळ्यापायी ती नाकारली आणि दोन वर्षांत अंथरूण धरले. तिचा रोग हाच होता असे मी म्हणत नाही. पण मला टोचले जाणारे औषध आता जिवाणूंकडून, आंबवण्याच्या क्रियेने तयार होते, त्यात प्राण्याचा अंश नसतो, हे तिला सांगायला कोणी असते तर, असे मनात येतेच.

पहिला आठवडा रोज एक, मग महिनाभर आठवड्याला एक, आणि त्यानंतर महिन्याला एक, अशा सुया झाल्या. तिसऱ्या आठवड्यात जिभेची आग थांबली. सातव्या आठवड्यात एके पहाटे पलंगावरून पाय खाली सोडले आणि फरशी गार लागली. गार! मी पाय उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा गार. मुलाला हाक मारली तर तो घाबराघुबरा धावत आला, आणि मला काही बोलता येईना.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी चालवला, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये याच जीवनसत्त्वाची तूट आढळली. म्हणजे हा काही माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्याचा विकार नव्हे. शाकाहार मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. दही मात्र रोज खातो, आम्लपित्ताची गोळी वैद्यांच्या सल्ल्याने बंद केली आहे आणि महिन्याची सुई चुकवीत नाही. वाचकांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की घरातल्या वडीलधाऱ्यांची चप्पल नकळत निसटू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा जीभ गुळगुळीत दिसू लागली, तर लोह-फोलिकच्या गोळ्या सुरू करण्याआधी ब-१२ ची तपासणी मागून घ्या, आणि वयाचे उत्तर मिळाले तर दुसऱ्या दाराशी जा. मी घाटावर पुन्हा जाऊ लागलो आहे. चपलेला मागून पट्टा शिवून घेतला आहे, कारण पायांचे दोन्ही अंगठे अजून बधिर आहेत. गेलेल्या चार महिन्यांतले तेवढे परत येणार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले आहे.