आपाच्या परसातला पूल

केप टाऊनच्या विमानतळावरून घरी जाताना दुलाभाईंनी गाडी चालवता चालवता विचारले, "छोटी, आता तूच सांग, पूल कुठे बांधायचा?" मला खेडच्या जगबुडीवरचा पूल आठवला. इकडे कुठली नदी आली, असा विचार करीत मी आपाकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मागच्या सीटवरून भाचा हसून म्हणाला, "खाला, स्विमिंग पूल!"

मुंबईहून अदीस अबाबामार्गे जवळजवळ एक दिवसाचा प्रवास करून मी पोहोचले होते. आपाचे लग्न होऊन अठ्ठावीस वर्षे झाली, पण तिचे घर मी पहिल्यांदाच पाहत होते. खेड तालुक्यातल्या कर्जी, फुरूस आणि रायगडातल्या मोर्बे या गावांची कितीतरी घराणी केप टाऊनला आहेत. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीने गेलेली ही माणसे. मध्यंतरी मात्र येणे-जाणे जवळजवळ तुटले होते. वर्णभेदाच्या काळात आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेला जायची परवानगीच नव्हती. अब्बांच्या जुन्या पासपोर्टवरचा तो शिक्का आम्ही लहानपणी कौतुकाने वाचायचो. तो काळ संपला आणि 1995 साली आपा लग्न होऊन इकडे आली.

घर रायलंड्स भागात आहे. दुलाभाईंचे वालिद मुळात डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये राहत. 11 फेब्रुवारी 1966 रोजी सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवले. हिंदी लोकांना रायलंड्स नेमून दिलेले होते. नव्या जागी आल्यावर म्हाताऱ्यांनी परसाच्या कोपऱ्यात एक पेरू लावला. ते आता नाहीत. पेरू मात्र घराच्या छपरापेक्षा उंच झाला आहे. पुलाची सगळी भानगड या पेरूपासून सुरू झाली.

परस उत्तरेला. घर दक्षिणेला, रस्त्याकडे तोंड करून. पेरू वायव्येच्या कोपऱ्यात आहे. पूर्वेच्या भिंतीला लागून सामानाची एक बुटकी खोली आहे, तिच्या पलीकडे ईशान्येचा कोपरा मोकळा. पूर्वेच्या शेजाऱ्याचे घर दुमजली, त्याच्या वरच्या खिडक्या सरळ आपाच्या अंगणात उघडतात. स्वयंपाकघराची खिडकी परसाच्या पश्चिम अर्ध्यात येते. एवढी जागा, आणि घरात मते चार.

मी आल्या आल्या पाचवे मत दिले. म्हटले, घराच्या उत्तरेला कशाला, सगळी सावली तिकडेच पडणार, हिवाळ्यात पाणी गोठेल. सगळे हसायला लागले. दुलाभाईंनी मला दुपारी अंगणात उभे केले आणि माझी सावली दाखवली. ती दक्षिणेकडे पडली होती! विषुववृत्ताच्या खाली सूर्य दुपारी उत्तरेच्या अंगाला असतो. आपल्याकडे दक्षिणेची खिडकी उबदार, तिकडे उत्तरेची. म्हणून तिकडे पूल घराच्या उत्तरेलाच शोभतो. मला आणखी एका गोष्टीची सवय करावी लागली. कोकणात आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो, तिथे किब्ला उत्तरेकडे, जरासा पूर्वेला झुकलेला आहे. पहिले दोन दिवस जानमाज हातात घेऊन मी चुकीच्या भिंतीकडे वळत होते.

दुलाभाईंना ईशान्येचा कोपरा हवा होता. दिवसभर ऊन, पेरूचा कचरा दूर, आणि घरापासून लांब असल्याने मोटारीचा आवाज नाही. सुनेला तो कोपरा अजिबात नको होता, कारण शेजाऱ्याच्या खिडक्या बरोबर त्याच्यावर. ती मला एकदा हळूच म्हणाली, "खाला, शाळेत असताना मी पोहायची. मग मोठी झाले. सार्वजनिक पुलावर आपल्यासारखीला कधी निवांत पोहता येतं? घरात पाणी येणार आणि मी काठावर बुरखा सांभाळत बसायचं, तर मग पूल कुणासाठी?" मला तिचे म्हणणे पटले. पुरुषांनी पोहायचे आणि बायकांनी टॉवेल वाळत घालायचे, असला पूल न बांधलेला बरा.

भाच्याचे म्हणणे, पेरू काढून टाका, म्हणजे पश्चिमेकडे हवी तेवढी जागा होईल. त्यावर दुलाभाई काही बोलले नाहीत, ताटावरून उठून गेले.

आणि आपा म्हणायची, पूलच नको.

कारण विचारले की ती पाण्याचा विषय काढायची. विषय खोटा नव्हता. तिकडे पाऊस हिवाळ्यात, मे ते ऑगस्टमध्ये पडतो, उन्हाळा कोरडा असतो. लागोपाठ कमी पावसाची वर्षे आली आणि 2018 साली शहराचे नळ बंद पडायची वेळ आली. त्या दिवसाला 'डे झीरो' असे नावच दिले होते. 1 फेब्रुवारीपासून माणशी रोज पन्नास लिटर, त्यातच अंघोळ, कपडे, स्वयंपाक आणि पाच वेळचा वुजू. आपा वुजूचे पाणी तसराळ्यात धरून संडासात ओतायची. न्यूलँड्सच्या झऱ्यावर लोक डबे घेऊन रांगा लावत होते. मी कागदावर हिशेब केला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटरला थोडा कमी खोल पूल म्हणजे सुमारे 45 हजार लिटर. पन्नास लिटरच्या हिशेबाने सात माणसांच्या घराला चार महिने पुरेल इतके पाणी. तो कागद मी दुलाभाईंपुढे ठेवला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी साडेसहा मीटर लांबीचा नकाशा घेऊन आले. वर आच्छादन तर असणारच होते, शहराचा तसा नियमच आहे. उघडे पाणी ऊन आणि वारा दोघे मिळून पितात.

वारा म्हणजे तिकडचा साउथ-ईस्टर. उन्हाळाभर आग्नेयेकडून सुटतो, टेबल माउंटनवर ढगाची चादर पसरवतो आणि वाळत घातलेली उशी शेजाऱ्याच्या घरी पोहोचवतो. शहराची हवा साफ करतो म्हणून त्याला 'केप डॉक्टर' म्हणतात. पूल बांधणारा ठेकेदार मोठा मुरलेला होता. तो म्हणाला, वारा ज्या टोकाकडे ढकलतो त्या टोकाला पाणी खेचणारे तोंड ठेवायचे, पाने आपोआप तिथे जमतात. पेरू वायव्येला असल्यामुळे उन्हाळ्यात त्याची पाने पुलापासून दूरच उडणार. हिवाळ्यात मात्र वारा उलटा, वायव्येकडून पाऊस घेऊन येतो. पण त्या दिवसांत पूल झाकलेला असतो. पेरूचे भांडण इतक्या साध्या गोष्टीने मिटले. दुलाभाई त्या दिवशी दोनदा चहा प्याले.

ही सगळी सखल जमीन, केप फ्लॅट्स, वाळूची आहे. ठेकेदाराने ईशान्येच्या कोपऱ्यात चाचणीसाठी पुरुषभर खोल खड्डा घेतला. डिसेंबरात तो कोरडा होता. तो म्हणाला, ऑगस्टमध्ये याच खड्ड्यात पाणी दिसेल. म्हणून तिकडे पावसाळ्यात पूल कधी रिकामा करीत नाहीत. आतले वजन गेले की खालचे पाणी अख्खा पूल होडीसारखा वर उचलते. आणि वाळू ढासळते, त्यामुळे घराच्या पायाजवळ खोल खणायचे नाही.

त्या खड्ड्यावर त्याने फळ्या टाकल्या होत्या. असरच्या वेळी आम्ही सगळ्या आत होतो. नमाज झाल्यावर सुनेने विचारले, बाळ कुठे आहे? बाळ म्हणजे आपाचा नातू, अडीच वर्षांचा. खोल्या पाहिल्या, रस्त्याचे फाटक पाहिले. आपाने काही पाहिले नाही. ती अनवाणी सरळ सामानाच्या खोलीमागे धावली. फळी एका बाजूला सरकली होती आणि बाळ काठावर पाय सोडून बसले होते, वाळूच्या मुठी खाली टाकत होते. आपाने त्याला उचलले आणि तिथेच खाली बसली. बराच वेळ कुणाला बाळ घेऊ देईना.

आमच्या घरामागे विहीर होती. तिला कठडा नव्हता, नुसते चार दगड. आमचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा असताना तिच्यात गेला. आपा तेव्हा बारा वर्षांची होती आणि त्याला तिच्याकडे सोपवून अम्मी शेतावर गेली होती. घरात कुणी तिला कधी एक शब्द बोलले नाही. अम्मीनेही नाही. त्या विहिरीचे पाणी मात्र पुन्हा चुलीवर चढले नाही. मी सात वर्षांची होते, मला दोराचा आवाज आठवतो.

इशानंतर आपाने हे दुलाभाईंना सांगितले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मी उठून जाऊ लागले तर तिने माझा हात धरून ठेवला. ते ऐकत राहिले. मग एवढेच म्हणाले, "तू म्हणशील तर उद्या खड्डा बुजवतो."

आपा रात्रभर जागी असावी. सकाळी ती स्वयंपाकघरात भांडी घासायच्या जागी उभी राहिली आणि मला अंगणात पाठवले. मी चुन्याची पिशवी घेऊन हिंडत होते आणि ती खिडकीतून ओरडत होती: इथे दिसतेस, तिथे दिसत नाहीस, अजून अलीकडे ये. ईशान्येच्या कोपऱ्यात मी पूर्ण नाहीशी होत होते, सामानाची खोली आड येत होती. खिडकीसमोर, घरापासून पाच पावलांवर, मी पायापासून डोक्यापर्यंत दिसत होते. तिथे चुना टाकला. ठेकेदाराने पायापासूनचे अंतर मोजले आणि आणखी एक पाऊल सरकवले. दुलाभाई आकाशाकडे पाहून म्हणाले, तिसऱ्या प्रहरी पेरूची सावली येणार, पाणी गार राहणार. पण त्यांनी चुना पुसला नाही.

सुनेचा प्रश्न भाच्याने सोडवला. सामानाच्या खोलीच्या छपरावर लाकडी जाळी उभी करून वेल चढवायचा, म्हणजे शेजाऱ्याची खिडकी झाकली जाते. सुनेने स्वतः वर चढून पाहिले, तेव्हा कुठे हो म्हणाली.

तिकडच्या नियमाप्रमाणे पुलाभोवती किमान 1.2 मीटर उंच कुंपण लागते, त्यातून दहा सेंटिमीटरचा चेंडू जाता कामा नये, आणि फाटक आपोआप मिटून अडकले पाहिजे. आपाने ठेकेदाराला उंची दीड मीटर करायला सांगितले. त्याने जास्तीचा खर्च सांगितला, तिने स्वतःच्या बांगडीकडे पाहिले. दुलाभाई घाईघाईने म्हणाले, मी देतो.

मी परतले तेव्हा नुसता खड्डाच झाला होता. मार्चमध्ये आपाचा व्हिडिओ कॉल आला. सून पाण्यात होती म्हणून फोन तिने कुंपणाच्या फाटकाकडेच धरला होता. एका हाताने ते उघडायची आणि सोडून द्यायची. खट. पुन्हा उघडायची. खट.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "सकाळपासून दहा वेळा बघितलं."