सांध्यातला धूर

गेली वीस वर्षे मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात मुलांना संधी शिकवतो आहे. संधी म्हणजे सांधा. दोन वर्ण शेजारी आले की ते कसे जुळतात, याचे नियम मला झोपेतही पाठ आहेत. पण लोखंडाचे दोन तुकडे कसे जुळतात, हे मात्र मला सेहेचाळिसाव्या वर्षी, वडनेर भोलजीला, जीपच्या पोटाखाली उताणे पडून शिकावे लागले.

वडनेर भोलजी हे आमचे गाव. मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालात की हमरस्त्यावरच लागते. तिथे माझा थोरला भाऊ, दादा, शेती करतो आणि वडिलांची जुनी पेट्रोल जीप सांभाळतो. वडिलांची म्हणायची ती सांगाड्यापुरती, इंजिनापुरती आणि कागदपत्रांपुरती. दारे, बाके आणि टप ही सारी ठिकठिकाणच्या भंगारातून गोळा केलेली. मी एकदा हसलो, तेव्हा दादा उसळून म्हणाला, "मुंबईवाल्यांनी जोडली तं कंपनी, आन् आमी जोडली तं भंगार?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीपचे सुटे भाग मुंबईत येत आणि महिंद्र मंडळी माझगावला त्यांची जोडणी करीत. पुढे २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची भंगारातून बनवलेली छोटी जीप गाजली, आणि २०२२ मध्ये आनंद महिंद्र यांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. तेव्हापासून आमचा दादा अंगणातल्या जीपकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागला.

त्यातच पुतण्याने मोबाइलवर कोब्रा नावाची मोटार पाहिली. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन गृहस्थाने इंग्रजी गाडीत फोर्डचे दणकट इंजिन बसवून ती घडवली. हौशी माणसे आजही सुट्या भागांचा संच मागवून तिच्या नकला घरच्या घरी जोडतात. तिच्या पुष्कळ नमुन्यांत धुराचे पाइप गाडीखाली लपत नाहीत, तर दाराखालून बाजूने ऐटीत धावतात. झाले! आमच्या जीपचाही पाइप डाव्या बाजूने, पायरीखालून धावू लागला. आवाज असा, की गाडी यायच्या आधी गावाला वर्दी!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही आईला घेऊन शेगावला निघालो. पहाटेची थंडी, म्हणून टपाचे पडदे घट्ट बांधले. आई मागच्या बाकावर, डाव्या अंगाला. नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती मागे पडला तोच तिचे डोके दुखू लागले. खामगावला मळमळ. शेगावी दिवसभर मोकळ्या हवेत ती हळूहळू ठीक झाली. परतताना पुन्हा तेच.

"मले आत कोंडल्यावानी होते रे," ती म्हणाली.

दादाने निदान केले, "वय झालं." मी पडलो शिकलेला, मी म्हणालो, "मनाचे खेळ असतात." जन्मभर बैलगाडीत आणि एस.टी.त बसलेल्या बाईला एकाएकी गाडी कशी लागते, हे दोघांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही. त्यानंतर आई जीपमध्ये पाय ठेवीना. कुठे जायचे तर ती एस.टी.ने जाई. वडिलांच्या जीपला ती नावे ठेवते, असे दादाने मनाला लावून घेतले. एका घरात राहून मायलेकांचे बोलणे जेवायला वाढण्यापुरते उरले.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो आणि काही कामासाठी आम्ही बुलढाण्याला निघालो. पुतण्या पुढे बसला, मी मागे, आईच्या जागेवर. पडदे बांधलेले होतेच. राजूर घाट चढेपर्यंत माझ्या कानशिलांत घण पडू लागले आणि पोटात ढवळून आले. बुलढाण्याला उतरून तासभर झाडाखाली बसलो, तेव्हा जरा उतार पडला. आणि एकदम आईचे शब्द आठवले: कोंडल्यावानी.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. आधी डोके दुखते, मग मळमळते, आणि तसेच बसून राहिले तर माणूस गाढ झोपतो तो उठत नाही. हे मी पूर्वी वाचले होते. वाचले होते आणि आईला मनाचे खेळ सांगितले होते! परतीच्या वाटेवर सगळे पडदे मी गुंडाळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरचे एक वयस्क मिस्त्री घरी आले. इंजिन थंड असतानाच सुरू करून त्यांनी पुतण्याला पाइपाच्या तोंडाशी क्षणभर ओले फडके दाबायला लावले. त्याबरोबर इंजिनाजवळच्या सांध्यातून 'फुस्स' असा आवाज आला. तिथे काजळीची काळी रेघ उमटलेली होती. मागच्या वेल्डिंगवर साबणाचे पाणी टाकले, तर बुडबुडे! शिवाय पाइपाचे तोंड संपत होते ते नेमके आईच्या बाकाखाली.

"पाइप बोटभर तिरपा होता," मिस्त्री म्हणाले. "तुमी बोल्ट कसून वढून आणला. पॅकिंग एका अंगानं जळलं, आन् इंजिन हाललं तसं मागचं वेल्डिंग चिरलं. बोल्टाचं काम धरायचं असते भाऊ, वढायचं नाही."

मग त्यांनी सगळे बोल्ट ढिले केले. तिरपा तुकडा कापून सरळ जोडला, सांध्याची तोंडे कानशीने सपाट केली, नवे पॅकिंग घातले. पाइप रबरावर टांगला, म्हणजे इंजिनाबरोबर तो थोडा हलू शकेल आणि तापून वाढला तरी कुठे अडणार नाही. सगळे आपापल्या जागी सैल बसल्यावर इंजिनापासून मागे मागे, आलटूनपालटून, थोडेथोडे कसत नेले. तोंड गाडीच्या पार मागे काढले. एकदा तापवून, गार झाल्यावर पुन्हा पाना फिरवला. व्याकरणात आम्ही आधी संधीचा विग्रह करतो. मिस्त्रींनीही तेच केले. फक्त विग्रह करून ते थांबले नाहीत.

संध्याकाळी मी आईला सगळे समजावून सांगितले आणि "माझी चूक झाली" म्हणालो. ती म्हणाली, "मी तं तवाच सांगतलं होतं." एवढेच.

दादा काही बोलला नाही. तो बराच वेळ अंगणात जीप पुसत राहिला. मग दारात येऊन, आईकडे न पाहता म्हणाला, "माय, नांदुऱ्यापावतो जाऊन येऊ. चालतं का?"

आईने पदर सारखा केला, चपला शोधल्या आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली, "पडदे नोको बांधू."

हवेत चांगलाच गारठा होता. पण त्या दिवशी कुणीच पडदे बांधले नाहीत.