डाव्या पायाचे गाऱ्हाणे

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आकडेमोडीशी वैर जुनेच. तरी गाडी घ्यायची म्हटल्यावर वही काढली. डिझेल आधी बाद झाले. ऑक्टोबर २०१४मध्ये त्याचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली जुनी तफावत उरली नाही. शिवाय घर ते महाविद्यालय अवघे ६ किलोमीटर. एवढ्याशा फेरीत नव्या डिझेल गाडीतील काजळी अडवणारी गाळणी पुरेशी तापत नाही, काजळी जळत नाही आणि गाळणी तुंबते. सीएनजी स्वस्त खरा, पण त्याची टाकी डिकी व्यापते, आणि आमच्या डिकीत आईंची चाकांची खुर्ची मावायला हवी. राहिले पेट्रोल.

खरा वाद गिअरचा. ‘क्लचवाचून गाडी चालवणे म्हणजे वृत्तावाचून आर्या,’ असे आमच्यातील एकाचे मत. (वर्गात मात्र हाच गृहस्थ मुक्तछंदाची बाजू घेतो.) आईंना दवाखान्यात नेण्याचे काम गेली ३ वर्षे दुसरीकडे. सिग्नलोसिग्नली क्लच दाबून तिचा डावा गुडघा रात्री ठणकतो, हे त्याला त्या वहीपाशी बसल्यावर प्रथम कळले.

‘आधी का नाही सांगितलंस?’

‘विचारलंस कधी?’

स्वयंचलित गिअरची गाडी नोंदवली. चाचणीच्या फेरीला चाक तिच्या हाती होते. शेजारी बसून त्याचा डावा पाय उगाच क्लच शोधत राहिला.