परीक्षकाची पाठ

विविध गुणदर्शनाच्या स्पर्धेत परीक्षकांचे टेबल कोठे मांडावे, हा प्रश्न साहित्यशास्त्राचा असू शकतो असे मला २०१६ सालापर्यंत वाटले नव्हते. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात भाईंदर पूर्वेच्या एका मंडळाने मला परीक्षक म्हणून बोलावले. मी मराठीची प्राध्यापक आणि शेजारच्या इमारतीत राहणारी. एवढी पात्रता त्यांना पुरेशी वाटली. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत मांडव, वर ताडपत्री, तिच्यात साचलेले पाणी मधूनमधून बांबूने ढकलणारी दोन मुले. रंगमंचाला जवळजवळ चिकटून आमचे टेबल, त्यावर गुणपत्रिकांचा गठ्ठा. सारे प्रेक्षक आमच्या मागे. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्यांच्याकडे आम्हा तिघा परीक्षकांची पाठ होती.

गुणपत्रिकेत पाच रकाने होते: विषयाची निवड, सादरीकरण, वेशभूषा, आत्मविश्वास, वेळेचे पालन. प्रत्येकी दहा गुण. मिठागरांच्या आणि कोळीवाड्यांच्या या पट्ट्यात गेल्या तीन-चार दशकांत घाटावरून, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून माणसे येऊन राहिली. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकाही तशीच होती. भरतनाट्यम्, गरबा, कोळीनृत्य, नटांच्या नकला, एक भारूड, सिंथेसायझरवर वाजवलेले राष्ट्रगीत. यांची परस्परांशी तुलना कशी करावयाची? 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) रा. भा. पाटणकरांनी लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो ताण उलगडून दाखवला, तो मी वर्गात दरवर्षी शिकवते. त्या संध्याकाळी मात्र मी तो दोन मिनिटांत मिटवला. पाच रकान्यांची बेरीज केली की भारूड आणि गरबा एका मापात बसतात. बेरजेत ही विलक्षण सोय आहे, आणि आपल्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या माणसाला ती खटकत नाही.

खुल्या गटात नववा क्रमांक एका वॉचमनचा होता. जुन्नरकडचे गृहस्थ, साठीच्या आसपासचे. तरुणपणी काही वर्षे तमाशाच्या फडात सोंगाड्याचे काम केलेले. ड्यूटीवरूनच आले होते. खाली खाकी पँट, वर घाईने बांधलेला फेटा, हातात त्यांचीच रात्रपाळीची काठी. त्यांनी बतावणी सुरू केली. बतावणीला दुसरा माणूस लागतो. प्रश्न विचारणारा आणि शब्दाला शब्द लावून तो उलटवणारा, या दोघांच्या मध्ये ती घडते. यांच्याजवळ दुसरा कोणी नव्हता, म्हणून त्यांनी प्रेक्षकांनाच दुसरा केले. प्रश्न टाकावा, मागून उत्तर यावे, त्या उत्तराचा कान पिळून ते परत फेकावे. माझ्या पाठीमागे हशा वाढत होता, आणि मी समोरच्या कागदावर लिहीत होते. दोन विनोद द्व्यर्थी होते. 'विषयाची निवड' या रकान्यात मी चार लिहिले. वेशभूषेला तीन. सात मिनिटांची मर्यादा असताना ते बारा मिनिटे रंगमंचावर राहिले; नियमानुसार पाच गुण वजा. एका प्रसंगी तर सगळा मांडव उसळला, शिट्ट्या झाल्या, आणि मी घड्याळ पाहिले.

त्यांचा चौथा क्रमांक आला. बक्षिसे तीनच होती. पहिले बक्षीस चित्रपटगीतावरच्या समूहनृत्याला मिळाले; ते बरोबर चार मिनिटांत संपले होते आणि त्यात खरोखरच काही चूक नव्हती.

बक्षीससमारंभ उरकल्यावर ते टेबलाशी आले. तक्रार करतील या अपेक्षेने मी नियमांचा कागद शोधू लागले. ते म्हणाले, "बाई, त्या मागच्या म्हातारीनं काय उत्तर दिलं ते ऐकलं का तुम्ही? मला पार गप केलं तिनं." मी म्हटले, गडबडीत ऐकू आले नाही, काय म्हणाल्या त्या? ते जरा थांबले. "आता सांगून काय उपयोग? ते तवाच." आणि काठी घेऊन गेटवर गेले.

हे उत्तर मला लागले, कारण माझा पीएच.डी.चा प्रबंध तमाशातल्या विनोदावर आहे. छापील वग आणि हस्तलिखित वह्या यांवरून मी तो लिहिला. शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, व्यक्तिनिष्ठ असे वर्गीकरण केले, कोष्टके केली. तेही रकानेच. छापील संहितेत प्रेक्षकाचे उत्तर नसते, ही गोष्ट मी प्रस्तावनेत एका वाक्यात 'अभ्यासाची मर्यादा' म्हणून नोंदवली होती, आणि कोणाही परीक्षकाने मौखिकीत तिच्यावर प्रश्न विचारला नाही. वास्तविक ती मर्यादा नव्हे, तोच विषय होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय पुन्हा वाचला. रससूत्राच्या पलीकडे आपण सहसा जात नाही, म्हणून हा सिद्धिविषयक अध्याय अभ्यासक्रमाबाहेरच राहतो. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, याची भरताने केलेली मांडणी पाहण्यासारखी आहे. मानुषी सिद्धीची लक्षणे सारी प्रेक्षकाच्या ठिकाणची आहेत: स्मित, अर्धे हास्य, मोठे हास्य, 'साधु' किंवा 'अहो' असे उद्गार, अंगावर रोमांच, जागेवरून उठणे, अंगावरचे वस्त्र वा बोटातली अंगठी काढून देणे. (दौलतजादेकडे केवळ नैतिक प्रश्न म्हणून पाहणाऱ्यांनी ही यादी वाचावी.) दैवी सिद्धीत आवाज नाही, क्षोभ नाही, आणि रंग भरलेला. घातांच्या वर्णनात शत्रुपक्षाने शेण फेकण्याचाही उल्लेख येतो. प्राश्निक म्हणजे परीक्षक. त्यांची गरज निर्माण होते ती संघर्ष उत्पन्न झाल्यावर. आणि ते दहा प्रकारचे असतात: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदाचा आणि शब्दाचा जाणकार, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक. ज्याचा जो विषय, त्यात त्याचा निर्णय. शृंगाराच्या उपचारांत वेश्येचे मत प्रमाण मानणारा हा ग्रंथ आपण शिकवतो, आणि बतावणीच्या निर्णयासाठी माझ्यासारखीला बसवतो.

अर्थात प्रेक्षकाचा कौल म्हणजे निरागस न्याय, असेही मला म्हणावयाचे नाही. अमेरिकेतील व्हॉडव्हिलचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. कीथ आणि अल्बी यांच्या थिएटरांच्या साखळीत आठवड्याच्या पहिल्या खेळाला व्यवस्थापक स्वतः बसत. कसरतपटू, विनोदवीर, शिकवलेले कुत्रे, गायिका अशा प्रत्येक आयटमवर ते अहवाल लिहीत: किती मिनिटे चालला, रंगमंचाची किती खोली लागली, टाळ्या कोठे आल्या, कोठे पडल्या. १९०२ पासूनच्या या अहवालवह्या आयोवा विद्यापीठात जपून ठेवलेल्या आहेत. या व्यवस्थापकांचा कान सदैव प्रेक्षागृहाकडे होता. पण तो धंद्याचा कान होता. त्या अहवालांवर कलावंतांचे पुढचे काम अवलंबून असे, आणि अशिष्ट वाटणारे शब्द गाळण्याचे हुकूमही हेच लोक देत. तरीही एक गोष्ट ते माझ्यापेक्षा चांगली जाणत होते. आयटम रंगमंचावर संपत नाही.

आपल्याकडे हा गाळण्याचा अधिकार शासनाने घेतला. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि मग संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आली. त्यामागचा सुधारणेचा हेतू मी नाकारत नाही. फडातल्या स्त्रियांच्या शोषणाचा प्रश्न खराच होता. परंतु तपासायला संहिता मागितली की बतावणीने काय द्यावे? तिची संहिता अर्धी समोरच्या गर्दीत असते. कागदावर येते ते फक्त सोंगाड्याचे अर्धे, आणि एकटे वाचले की ते हमखास अश्लील किंवा पोरकट दिसते. त्या रात्री माझ्या कागदावर ते तसेच दिसले होते. चार गुण.

पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा बोलावले. टेबल बाजूला, प्रेक्षकही दिसतील असे मांडावे, एवढी विनंती मी केली. कार्यकर्त्यांना ती विक्षिप्त वाटली असावी, पण त्यांनी ती मानली. टेबल लाउडस्पीकरांच्या भिंतीला लागून आले. तिथून रंगमंच अर्धाच दिसत होता, माणसे मात्र सगळी. ऐकू जवळजवळ काहीच येत नव्हते. स्पर्धकांच्या यादीत त्या गृहस्थांचे नाव नव्हते. सोसायटीने सुरक्षारक्षकांची एजन्सी बदलली होती, आणि ते कोठे गेले हे कोणाला सांगता आले नाही. मागच्या रांगांतल्या त्या म्हातारीची मी दोघा-तिघांकडे चौकशी केली. तिचे उत्तर फार भारी होते, एवढे सर्वांना आठवत होते; काय होते ते कोणालाच नाही. गुणपत्रिका मागच्याच वर्षीची होती, फक्त साल खोडून नवे लिहिलेले.