खणात खण

ऑफिसच्या फर्निचरवर कुणी प्रेम करतं का? छे! आठ-नऊ तास त्या करड्या गर्दीत काढतो तेवढे पुरेत, घरी तरी जरा वेत, लाकूड, रंगीत उशा असं काही दिसू दे, असंच म्हणाल तुम्ही. पण आज मी उलटी वकिली करणार आहे. गोधडी म्हणा, क्विल्ट म्हणा, शिवायच्या नादापायी ज्यांच्या घरातली प्रत्येक पिशवी तुकड्यांनी भरलेली आहे, त्यांनी होम डेकोरच्या चकचकीत दुकानांत जाऊच नये. त्यांनी जागा सोडणारं एखादं ऑफिस शोधावं.

आधी आजाराची लक्षणं सांगते. लक्ष्मी रोडवरचे कटपीस. प्रदर्शनातून ‘फक्त बघायला’ गेले असताना आणलेलं अर्धा अर्धा मीटर कलमकारी. टेलरकडून हक्कानं मागून घेतलेली उरलीसुरली कापडं. सासूबाईंच्या मऊसूत झालेल्या सुती साड्या. आणि अर्थातच ओटीत आलेले ब्लाउजपीस. हे शेवटचे महाशय आपल्याकडे राहायला येत नाहीत, मुक्कामाला येतात आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरी रवाना होतात. आमच्याकडे मात्र ते येऊन अडकायचे, कारण मी त्यांना पुढे जाऊच द्यायची नाही.

हे सगळं कुठे राहायचं? दिवाणात! पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये दिवाण म्हणजे घरातलं तळघर. वर गादी, गादीवर चादर, चादरीवर माणूस. खालचं काही काढायचं तर आधी माणूस उठवा, मग गादी उचला, मग फळी. त्यानंतर गुडघ्यांवर बसून आत डोकं घालायचं, आणि हवा तो तुकडा नेमका तळाला असायचा.

मी वैतागायचे, पण माझे गुडघे शाबूत होते. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे नव्हते. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या. दोन साड्यांच्या मधे जुन्या धोतरांचे थर आणि त्यावर हातानं घातलेला बारीक धावदोरा, पट्टी न लावता सरळ. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं की जमिनीवर बसायचं नाही. गोधडी पसरायची जमिनीवर, कापड दिवाणाच्या पोटात. झालं, शिवण थांबली. आई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त टीव्हीवरच्या मालिका वाढल्या. आमच्या घरातली सगळ्यात कुशल बाई दुपारभर रिमोट धरून बसायची.

२०२१ मध्ये आमच्या कंपनीनं दोनपैकी एक मजला सोडला. अर्धी माणसं घरूनच काम करत होती, मग भाडं कशाला भरायचं? सामान विकायला काढलं, पहिला मान स्टाफला. लोकांनी मॉनिटर आणि कॉफी मशिनवर उड्या मारल्या. मी अॅडमिनच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या चार खणांच्या स्टीलच्या फायलिंग कॅबिनेटसमोर थबकले. सगळ्यांच्या रजेचे अर्ज त्यात असायचे. अॅडमिनच्या मॅडम कुणाचाही कागद अर्ध्या मिनिटात काढून द्यायच्या, मागच्या वर्षीचा असो की पाच वर्षांपूर्वीचा. एकदम मनात आलं, माझं कापड मला असं कधी सापडतं का?

तसं पाहिलं तर या कपाटामागचा विचार साधा, पण क्रांतिकारक. पूर्वी ऑफिसांमध्ये कागद आडवे ठेवत, गठ्ठ्यात. खालचा हवा असला की वरचे सगळे हलवायचे. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणासाठी ओळखले जाणारे मेलविल ड्युई, त्यांनी सुरू केलेल्या लायब्ररी ब्युरोनं १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभ्या फायलींची पद्धत मांडली. हो, तेच शिकागो आणि तेच वर्ष, विवेकानंदांच्या भाषणाचं. कागद उभा केला की प्रत्येकाची कड वर येते आणि एकाला काढताना दुसऱ्याला धक्का लागत नाही. कापडाचंही अगदी तेच आहे. घडीवर घडी रचली की आपण वरच्या चारच घड्या वापरतो, बाकीच्या आहेत हेही विसरतो. म्हणून तर घरात निळं असताना आपण पुन्हा निळंच घेऊन येतो.

दीड हजारात ते धूड माझं झालं. नवरा म्हणाला, “आता घरातही अॅटेंडन्स लावणार का?” मी लक्ष दिलं नाही. टेम्पोवाल्याची एक युक्ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी: चारही खण बाहेर काढून वेगळे न्यायचे, म्हणजे सांगाडा दोन माणसांना सहज उचलता येतो आणि सोसायटीच्या लिफ्टमध्येही मावतो. घरी आल्यावर गंजाचे डाग सँडपेपरनं घासले, प्रायमरचा एक हात, वर मोरपंखी ऑइलपेंटचे दोन. मग खण उघडे टाकून वास पूर्ण जाईपर्यंत थांबले. हा धीर हवाच, नाहीतर पहिली गोधडी पेंटच्या वासाची होते.

आता मुख्य काम, घड्यांचं. सगळ्या घड्या एका मापाच्या असल्या तरच ही पद्धत चालते. मी क्विल्टिंगची सहा इंच रुंदीची पारदर्शक पट्टी घेते, तिच्याभोवती कापड गुंडाळते, पट्टी सरकवून काढते आणि मधे एक घडी घालते. मीटरभर किंवा जास्त कापड असेल तर ते जुन्या हँगिंग फायलीत लटकतं. अर्धा-पाव मीटरचे तुकडे फायलींसारखे ओळीनं उभे राहतात, घडीची बाजू वर. खण ओढला की रंगांचा अख्खा पट्टा समोर. चोळीच्या खणांची एक रांगही त्यातच बसली. खणात खण!

वजनाचं गणित विसरू नका. साड्या, अस्तरं, जाड कापड नेहमी तळाच्या खणात. आणि एका वेळी एकच खण उघडायचा. वरचे दोन भरलेले खण एकदम बाहेर आले तर कपाट पुढे कलंडतं. अनेक नव्या कॅबिनेटमध्ये दुसरा खण उघडू न देणारी सोय असते, पण जुन्यावर भरवसा नको. आम्ही ते मागून भिंतीला क्लॅम्पनं जखडलं. घरात लहान मूल असेल तर हे आधी करा, रंगरंगोटी नंतर.

त्याच लॉटमधून आणखी काही वस्तू आल्या. टपाल ठेवायचं पिजनहोल आता पट्ट्यांचं घर आहे: एका कप्प्यात दीड इंची, दुसऱ्यात अडीच इंची, तिसऱ्यात ‘कशालाच न लागणाऱ्या पण टाकवत नाहीत अशा’. टेबलाखालच्या चाकांच्या पेडेस्टलमध्ये दोरे, कात्र्या आणि चॉक. सॉफ्टबोर्डावर फ्लॅनेल ताणून बसवलं, त्यावर सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटतात, त्यामुळे डिझाइन उभ्यानं बघता येतं. मीटिंगचं छोटं टेबल साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर उंच असतं. बसून लिहायला ठीक, पण उभं राहून कापड कापायला पाठ मोडते. चार पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ते स्वयंपाकाच्या ओट्याइतकं केलं. आणि हात असलेली एक फिरती खुर्ची घेतली, आईंसाठी. टाइल्सवर ती घसरू नये म्हणून चाकं काढून रबरी पाय बसवले.

पावसाळ्याची भीती होती. स्टील गार असतं, दमट हवेत त्याला घाम फुटतो आणि गंजाचा डाग कापडावर उतरला की जन्मभर जात नाही. म्हणून प्रत्येक खणात जुन्या चादरीचं अस्तर घातलं आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद, त्यांत कापडाला कुबट वास येतो. खळ घातलेली साडी धुऊन, खळ काढूनच आत, कारण कसरीला खळ फार प्रिय. डांबरगोळ्या मला आवडत नाहीत. आईंनी वेखंडाच्या पुरचुंड्या करून दिल्या. काचेच्या कपाटापेक्षा इथे एक फायदा मोठा आहे: आत ऊन जात नाही, रंग उडत नाहीत.

मग आली लेबलं, आणि घरातला पहिला मतभेद. मी एमआयएस रिपोर्ट बनवणारी बाई. टॅबवर छान टाइप करून लावलं: लाल, निळा, हिरवा, छापील, साधा. सुती की मिश्र हेही लिहिलं. ते ओळखायला एक दोरा जाळून पाहायचा. सुताचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आईंनी खण उघडला, चष्मा सारखा केला आणि विचारलं, “हिरवं म्हणजे कुठलं गं हिरवं? माझ्या डोहाळजेवणाचं की सुधारसावरून भांडण झालं त्या मुंजीतलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या यादीत एकच हिरवा होता, त्यांच्या यादीत सात, आणि प्रत्येकाला गाव, माणूस, प्रसंग जोडलेला. अॅडमिनच्या मॅडम एकदा म्हणाल्या होत्या की फाइल ठेवणाऱ्याच्या नाही, शोधणाऱ्याच्या डोक्यानं लावायची. तेव्हा ते मला ट्रेनिंगमधलं वाक्य वाटलं होतं. आता आम्ही दोन्ही केलं. टॅबच्या पुढच्या बाजूला माझे टाइप केलेले रंग, मागच्या बाजूला आईंच्या अक्षरात त्यांची नावं: ‘मावशीचं लग्न’, ‘माहेरची’, ‘सुधारस’. पाहुण्यांना काही कळत नाही. आम्हा दोघींना कापड मिनिटाच्या आत सापडतं.

वरून दुसरा खण आईंच्या कोपराच्या उंचीचा. तो त्यांनी स्वतः लावला. त्यातल्या एका फायलीवर पुढे काहीच नाही आणि मागे एकच शब्द आहे: ‘ह्यांचे’.

सासरे २०१९ मध्ये गेले. त्यांचे शर्ट दिवाणाच्या तळाला एका चादरीत बांधलेले होते. ते बाहेर काढायचा विषय आमच्यापैकी कुणीच काढत नव्हतं. आईंना वाकता येत नव्हतं, आम्हाला विचारता येत नव्हतं, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. सामान हलवताना ते गाठोडं वर आलं, तेव्हा आईंनी फक्त हात पुढे केला. शर्ट धुतले, इस्त्री केली, आणि फायलीत उभे केले. मला वाटलं, आता हे कायमचं रेकॉर्ड. त्याला हात लावायचा नाही.

एका दुपारी मी कॉलवर होते. मागून कात्रीचा कचकच आवाज आला. वळून पाहिलं तर आई खुर्चीत बसून निळ्या रेघांच्या शर्टाची कॉलर उसवत होत्या. मी माइक म्यूट केला. काय बोलावं सुचेना. त्यांनीच मान वर न करता सांगितलं, “कपाटात ठेवून त्यांना काय मिळणार? थंडी मला वाजते.”

तीन महिने लागले. टेबलावर पसरून, उभ्यानं नाही तर खुर्चीत बसून, तुकडा तुकडा. खिसे त्यांनी काढले नाहीत, तसेच ठेवले, दोन. त्यातल्या एकात आता त्यांचा चष्मा असतो. धावदोरा पूर्वीइतका सरळ नाही, आणि त्याबद्दल त्या मशिनला, दोऱ्याला आणि मला बोलतात. मशिनचा तर त्यात काही संबंधच नाही.

तर मंडळी, तुमच्या ऑफिसात मजला रिकामा होतोय, शाखा हलतेय असं कानावर आलं तर अॅडमिनमध्ये आधीच नंबर लावून ठेवा. जाताना मोजपट्टी न्या, खण पूर्ण बाहेर येतो का ते ओढून पाहा आणि किल्ली मागून घ्या. किल्ली हरवली असेल तर भाव पाडा, कुलूपवाला ते काम करून देतो. आणि घरी लेबलं लावायच्या आधी, त्या खणांमध्ये आणखी कुणाचा हात जाणार आहे, त्या माणसाला शेजारी बसवा. पेन त्याच्याच हातात द्या.

आमच्याकडे सध्या ‘सुधारस’ फाइल बाहेर आहे. आई म्हणतात, भांडण त्या वन्संशीच झालं होतं, आता त्यांच्या नातीला दुपटं जाईल.